परक्या रानातलं पारणं

घट बसायचे दिवस जवळ आले की मला धडकी भरायची. म्हैसूरला दसरा म्हणजे दिवाळीहून मोठा सण. सगळं गाव दिव्यांनी उजळलेलं, घरोघरी पाहुणे, रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. आमच्या कुवेंपुनगरच्या घरात मी मात्र ते नऊ दिवस जीव मुठीत धरून वावरायचो. दिवा विझला तर? सोवळ्यात काही चुकलं तर? मुळात मी भित्रा माणूस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझी बायको म्हणते की यांच्या पाठी तो लागत नाही, हेच जाऊन त्याला बोलावून आणतात.

माझ्या भीतीला कारण होतं. आमची एकुलती मुलगी चार वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्ही मूळचे रंगारी, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचेच. आमची कुलदेवी हिंगुळांबिका. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी तिला नवस बोललो, की पोरीला वाचव. मी जिवंत असेपर्यंत नवरात्राचे नऊ दिवस दिवेलागणीपर्यंत पाण्याखेरीज काही तोंडात घालणार नाही. पोरगी वाचली. मी उपास करतो हे तिला ठाऊक होतं, पण तो तिच्यासाठी आहे हे मी तिला कधी सांगितलं नाही. फक्त बायकोला माहीत होतं. वर्षं गेली तशी माझ्या मनात एक समजूत घट्ट बसली, की या पोरीचा श्वास माझ्या उपासाला बांधलेला आहे. तिला साधा ताप आला तरी मी आठवत बसायचो, यंदा कुठे काही चुकलं का.

पुढे मला मधुमेह जडला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कुक्करहळ्ळी तळ्याकाठी चालता चालता मी धावायला लागलो. घाबरट माणसाला पळणं उपजतच येत असावं. उपासाच्या दिवसांत गोळी सकाळी घ्यायची नाही, रात्री जेवणाबरोबरच घ्यायची, नाहीतर साखर एकदम उतरेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मुलगी तोवर शिकून नोकरीसाठी स्वीडनला गेली होती. तिथे तिच्या शहराबाहेरच्या रानातून दरवर्षी तीस किलोमीटरची एक मोठी शर्यत होते. देशोदेशीचे हजारो लोक टेकड्यांवरून, झाडांच्या मुळांवरून धावतात. तिनं आम्हा दोघांची नावं नोंदवून टाकली आणि मग मला कळवलं. दिवस नवरात्रातला होता.

घट बसल्यावर घराबाहेर मुक्काम करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पण मी गेलो नाही तर ती त्या रानात एकटी धावणार, हेही सहन होईना. दोन्हीकडून भीती. शेवटी बायकोच म्हणाली (मला 'अहो' म्हणायच्या जागी ती कानडीतलं 'री' म्हणते), "री, जावा तुम्ही. घटाला पाणी मी घालते. देवी काय कुवेंपुनगरात कोंडून बसली हाय काय?" मी गेलो. मुलीला सांगितलं की प्रवासामुळे यंदा उपास सोडलाय. सोडला नव्हता.

शर्यतीच्या सकाळी तिनं माझ्यासाठी ओटची पेज केली. तिची पाठ वळल्यावर मी ती पातेल्यात परत ओतली. तेवढ्यात ती पाण्याचा पेला आणि माझी गोळी घेऊन समोर उभी राहिली. "अप्पा, हे विसरला की. घ्या, माझ्यासमोरच घ्या." घेतली नाही तर का ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर ती मला धावू देणार नाही. मी गोळी गिळली. ती गिळताना मला काय होऊ शकतं ते पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही त्या क्षणी देवीची भीती डॉक्टरांच्या भीतीपेक्षा मोठी ठरली.

तिथे गेल्यावर कळलं की धावणाऱ्यांना तुकड्यातुकड्यांनी सोडतात आणि तिची तुकडी माझ्या बरीच आधी सुटणार. जिच्यासाठी आलो तीच नजरेआड झाली. पहिला अर्धा रस्ता तरी बरा गेला. उंच सरळ झाडं, पायाखाली मऊ माती, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी माणसं. मधून मधून टेबलं मांडलेली होती, त्यांवर पाव, काकडीच्या फोडी आणि जांभळ्या फळांचं कोमट गोड सार. मी प्रत्येक ठिकाणी फक्त पाणी घेतलं आणि मान खाली घालून पुढे गेलो.

मग एका चढावर अंगाला गार घाम सुटला. हात थरथरायला लागले. पुढच्या माणसाच्या पाठीवरचे आकडे दोन दोन दिसू लागले. मी वाटेच्या कडेला एका दगडावर बसलो. जाणारे थांबून विचारायचे, मी हात वर करून बरं आहे म्हणायचो. बरं नव्हतं. हातपाय गळाले होते, जीभ जड झाली होती आणि मी मरणार हे मला अगदी साधेपणानं कळत होतं. पण मला त्याहून मोठं भय वेगळंच होतं. याच वाटेवर, कुठेतरी पुढे, माझी मुलगी आत्ता या क्षणी धावते आहे, तिचं काळीज जोरानं धडधडतं आहे. मी एक घास खाल्ला आणि ते थांबलं तर? खाल्लं तर ती जाईल, नाही खाल्लं तर मी. इतका एकटा मी त्या दवाखान्यातल्या बाकावरही नव्हतो, तिथे निदान बायको शेजारी होती. मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, आई, खाऊ का नको, तूच सांग. मला काही कळेना झालंय.

डोळे उघडले तेव्हा एक बाई चढावरून खाली येत होती. सगळे वर चालले होते, ती एकटी उलटी, गर्दीतून वाट काढत. माझ्याहून वयानं मोठी, पांढरे केस, गुडघ्यांना चिखल, छातीवर शर्यतीचा क्रमांक. एका हातात कागदी पेला आणि दुसऱ्या हातात पाव. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मी मान हलवली. ओठ घट्ट मिटून घेतले. तिनं पाव त्या गोड सारात बुडवला, हट्टी पोराची धरावी तशी माझी हनुवटी धरली आणि घास ओठांशी टेकवून थांबली. रागावली नाही, घाईही केली नाही. मी तोंड उघडलं.

तो घास गिळताना मी हमसून हमसून रडलो. तिनं सगळा पाव मला एकेक घास करून भरवला, सार प्यायला लावलं, पाठीवरून हात फिरवला. मग हात हलवून शर्यतीच्या स्वयंसेवकांना बोलावलं. ते घोंगडी घेऊन आले. माझ्या अंगावर ती घालेपर्यंत बाई निघून गेली होती. तिलाही शर्यत पुरी करायची असणार. ती मागे का वळली, वरून तिला मी कसा दिसलो, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

मला गाडीत घालून शेवटच्या मैदानाकडे नेलं. त्या गाडीतल्या प्रवासाइतकी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही. अंगात ताकद येत होती आणि तिच्याबरोबर एकच विचार पक्का होत होता, की मी वाचलो म्हणजे ती गेली. मैदानावर हजारो माणसं. त्यात ती उभी होती, गळ्यात पदक, टाचा उंचावून मला शोधत. मी जाऊन आधी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. घामानं गार होतं. मग तिथेच गवतावर बसून मी तिला सगळं सांगितलं. मेंदूज्वर, बाक, नवस, पातेल्यात ओतलेली पेज.

तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "एवढी वर्सं माझ्यासाठी उपाशी बसलात. आणि आज तुम्हाला काही झालं असतं तर? ती गोळी मीच दिलती, अप्पा. मी कशी जगले असते?" तिला वाचवायच्या नादात मी तिच्या पदरात काय टाकायला निघालो होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बायकोला फोन लावला. उपास मोडला, एवढं सांगून टाकलं. मग मी आपला म्हणायला लागलो की इथे दुपार असली तरी म्हैसूरला तेव्हा दिवेलागणी झालीच असेल ना, म्हणजे तसं बघितलं तर... तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. "री, देवीबरोबर वकिली नको. मोडला तर मोडला, आयतु, झालं. पोरगी तिची होती, तिचीच हाय. तुमच्या रिकाम्या पोटावर ती जगत नव्हती." आणि आरतीची वेळ झाली म्हणून फोन ठेवून दिला.

त्या वाक्यावर मी अजून विचार करतो. मला वाटायचं की मी माझी मुलगी देवीच्या ओटीत घातली आहे. तसं नव्हतं. मी ती कधी घातलीच नाही. तोंडानं तुझी म्हणालो आणि मूठ मात्र कधी सैल केली नाही. उपास हे त्या मुठीचं नाव होतं. ज्या देवीनं चार वर्षांच्या पोरीला काही न घेता परत दिलं, तिला मी सावकार समजून वागवलं, आणि तरी ती माझ्यावर रागावली नाही. एवढंच केलं, की हनुवटी धरून मला जेवू घातलं. ती बाई कोण होती ते मला ठाऊक नाही. तिच्या हाताला मात्र मी रोज नमस्कार करतो.

आता नवरात्रात मी दोन वेळा जेवून घटासमोर बसतो. पहिल्या वर्षी घास घशाखाली उतरत नव्हता, बायको समोर बसून राहायची. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती माझ्या अंगात हाडासारखी आहे. मुलीचा फोन दर रविवारी दुपारी येतो. कधी उशीर झाला की मी पुन्हा पुन्हा घड्याळ बघतो. पूर्वी मी तिचा आवाज ऐकेपर्यंत पाण्यालासुद्धा शिवलो नसतो. आता देवघराकडे बघून म्हणतो, आई, तुझी आहे, तू बघ. आणि पानावर बसतो, जेवून घेतो, आणि मग फोनची वाट बघतो.