कुड्यांची जोडी एक, बहिणी दोन

रत्नमालाबाई हे स्वतःच सांगते, अन् सांगता सांगता पदर तोंडाले लावून हसते. तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिले वाटलं, हे झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीचं काम हाय. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर बंगल्याचा खांब, पुढं नक्षीची खुर्ची. खुर्चीत एक नऊवारीतली बाई, तिच्या बाजूले दुसरी, काठीसारखी ताठ. "कोनत्या नाटकातल्या हो ह्या?" असं तिनं फोटो आणणाऱ्या बाईले विचारूनही टाकलं.

"ती उभी आहे ना, ती माझी खापरपणजी," बाई म्हणाली.

घ्या! आता तोंड कुठं लपवावं? पण रत्नमालाबाई लपणाऱ्यातली नाही. तिनं लगेच चहा मागवला.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारात तिचं फोटो दुरुस्तीचं दुकान हाय. गेलेल्या माणसाचे मिटलेले डोळे ती उघडून देते, नुसत्या बंडीतल्या आजोबाले कोट घालून देते. कोट तिच्या कम्प्युटरात एकच हाय, निळा. त्यामुळं अर्ध्या तालुक्याचे आजे भिंतीवर एकाच कोटात बसले हायेत. कोणी हटकलं तर म्हणते, "शोभून दिसते ना? मंग!"

फोटो आणणारी बाई म्हणजे एस्तेर थळकर, ठाण्याहून बदलीवर आलेली बँकेतली साहेबीण. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांच्या वाडवडिलांना शनवार तेली म्हणायचे.

फोटो होता दीडशे वर्षांपूर्वीचा, मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओतला. परदेशातल्या एका संग्रहालयात हिंदुस्थानच्या जातीजमातींचा जाडजूड अल्बम हाय, त्यात हा चिकटवलेला. खाली नाव नाही, गाव नाही. फक्त लिहिलेलं, 'नमुना : मुंबईची ज्यू बाई आणि तिची मोलकरीण.'

"नमुना?" रत्नमालाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "नमुना तं आमच्या घरी हाय, त्याचा अल्बम कोनी केला नाई."

आनंदराव मोहाडीच्या तहसीलीत बाबू हायेत. सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन पेपर वाचतात अन् विचारल्याबिगर मत देतात. त्यांनी चष्मा वर केला. "लेखी हाय ना? मंग झालं. लेखी हाय तेच खरं."

"तेच संग्रहालयवाले म्हणतात," एस्तेर म्हणाली. "त्या दोघी बहिणी आहेत. खुर्चीतली सारा, उभी हन्ना. माझ्या आजीनं शंभरदा सांगितलंय. मी पत्र लिहिलं, तर म्हणे घरातल्या आठवणी हा पुरावा होत नाही. आईला ऐंशी पूर्ण होतायत, तिला फ्रेम द्यायचीय. पण ती म्हणते, जगासमोर मोलकरीण म्हणून उभी असलेली हन्नाबाई मी भिंतीवर लावणार नाही."

रत्नमालाबाईची आई मालनबाई जन्मभर तुमसरच्या गिरणीत तांदूळ पाखडत होती. "मोलकरीन असनं वाईट नाई, मॅडम," रत्नमालाबाई सावकाश म्हणाली. "पन न विचारता कोनाले मोलकरीन लिहिनं, हे वाईट. मले मोठा स्कॅन आनून द्या."

मोठा स्कॅन आला. आनंदराव तेवढ्यात म्हणाले, "पाह्य ना, कशी उभी हाय ते. अदबीनं. चाकरच हाय ते."

रत्नमालाबाई आधी खालचा डाग पुसायला लागली, सवयच तिची. हन्नाबाईच्या नऊवारीच्या मागं जमिनीवर काळं काही होतं. अर्धं पुसलं अन् हात थांबला. मोठं करून पाहिलं तं लोखंडी पाय! तिनं पटकन पुसलेलं परत आणलं.

"दांडा हाय हा!" ती ओरडली. तिनं ज्यांच्याजवळ काम शिकलं त्या गोपीचंदजींच्या स्टुडिओत असाच एक जुना दांडा होता, ते त्याच्यावर छत्री अडकवायचे. पहिले फोटोले लय वेळ लागे, मान हलू नये म्हणून उभ्या माणसाच्या मागून तो लावत. "अदब नाई वो, मागून लोखंडानं धरून ठेवलं हाय पोरीले!"

"म्हणून काय बहीण झाली?" आनंदराव.

बरोबरच होतं ते. रत्नमालाबाई चिडली अन् पुन्हा स्क्रीनमध्ये घुसली. चेहरे पाहिले, बांगड्या पाहिल्या, कान पाहिले. एकीचा चेहरा इकडं वळवलेला, दुसरीचा तिकडं. एकीचा उजवा कान दिसे, दुसरीचा डावा. दोन्ही कानांत मोत्याची कुडी, तीच घडण, तेवढेच मोती. मग तिनं खुर्चीतल्या साराबाईच्या दुसऱ्या कानाची पाळी मोठी केली. गालाआडून जराशीच डोकावत होती. छिद्र होतं. कुडी नव्हती.

रत्नमालाबाई खुर्चीतून उठलीच. "माय वो! हे तं माह्या दुकानात रोज होते!"

स्थळासाठी फोटो काढायले बहिणी येतात, घरात झुमक्याची जोडी एकच. मग एक झुमका हिच्या कानात, एक तिच्या, अन् रत्नमालाबाई दोघींचे चेहरे असे वळवते की भरलेलेच कान दिसावे. किती पोरींची लग्नं तिनं अशी अर्ध्या जोडीवर जुळवली हायेत!

"सांगा बरं," तिनं नवऱ्याले विचारलं, "कोनती मालकीन आपला एक कान रिकामा ठेवून मोलकरनीले कुडी देईल? हे बहिनीच करतात. तेही भांडून."

एस्तेर स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या छिद्राकडं पाहत राहिली, अन् मग हसता हसता तिनं डोळे पुसले.

रत्नमालाबाईनं दोन्ही कान मोठे करून दिले, गोल आखून, बाण काढून. तिच्या दुकानातल्या दोन बहिणींचा तसाच एक फोटोही, त्यांना विचारून, सोबत जोडला. पत्र एस्तेरनं लिहिलं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. एस्तेर दुकानात धावत आली अन् मोबाईलवरून मराठी करत वाचू लागली. "'सारा आणि हन्ना, बहिणी. बेने इस्राएल, मुंबई.' मोलकरीण काढून टाकलं! आणि खाली, 'दागिन्यांवरून ओळख पटवली : रत्नमाला नंदेश्वर, फोटोग्राफर, तुमसर, नागपूर.' आईला फोन केला, ती म्हणाली फ्रेम आजच पाठव!"

रत्नमालाबाईची मान ताठ झाली, मागं दांडा नसताना. मग एकदम तिच्या कपाळाले आठ्या पडल्या. "नागपूर?"

"अवं, साता समुद्रापलीकडं नाव गेलं तुह्यं," आनंदराव म्हणाले, "अन् तू जिल्ह्यासाठी भांडून राहिली! नागपूर साऱ्यायले माहीत हाय. जवळच तं हाय."

"असं? उद्या मोहाडीच्या तहसीलीत कोनी सातबाऱ्यावर नागपूर लिहून आनलं, म्हने जवळच तं हाय, तं शिक्का मारान काय तुमी?"

आनंदरावांनी पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली.

"नाई," ते शेवटी म्हणाले. "दुरुस्ती करा लागंल."

"मंग सांगा मॅडमले. इंग्रजीत."

एस्तेर टाईप करू लागली, अन् आनंदरावांनी खाकरून जिल्हा भंडाराचं एक एक अक्षर सांगितलं.