पुढच्या सीटवरची सुगंधाताई

सुगंधा धुरीचा परवाना खरा होता, हे आधी सांगून टाकतो, कारण नंतर लोकांनी भलतंसलतं पसरवलं. परीक्षा देऊन मिळवलेला, दर खेपेला वेळेत नवा करून घेतलेला. बावीस वर्षं ती जपानी पाहुण्यांना मुंबई दाखवत होती. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहणारी, मूळची मालवणकडची, वडील गिरणीत. बरोबरीच्या मुली टायपिंगच्या क्लासला गेल्या तेव्हा ही जपानी शिकायला गेली. का, तर त्या क्लासची बाई हसरी होती. याहून मोठं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

मी हर्षद. कांदिवलीला राहतो, इंग्रजी-हिंदीचा गाईड. कान्हेरीच्या लेण्यांत उमेदवारी करायचो तेव्हा सुगंधाताईचा ग्रुप आला की माझा ग्रुप सोडून तिच्यामागे जाऊन उभा राहायचो. जपानीतलं ओ की ठो कळायचं नाही. पण तीन नंबरच्या लेण्यात, मोठ्या चैत्याच्या दाराशी दान देणाऱ्या जोडप्यांच्या मूर्ती आहेत, तिथे हात करून ती काहीतरी म्हणायची आणि गंभीर चेहऱ्याचे म्हातारे खुदखुदायला लागायचे.

एकदा विचारलं, "काय सांगतेस गं एवढं?"

"काय नाय रे. म्हणते, दान द्यायचं बायकोने ठरवलंय. नवऱ्याला आत्ताच कळलंय. त्याचं तोंड बघा."

हे पुस्तकात कुठे नाही. तिचं स्वतःचं होतं. मी ते नंतर इंग्रजीत चोरलं, पण माझ्या तोंडून कुणी हसलं नाही.

मग करोना आला आणि सगळ्यांचीच वाट लागली. दोन वर्षांनी ग्रुप पुन्हा सुरू झाले ते तोमोकोबरोबर. नवऱ्याच्या नोकरीमुळे पवईत राहायला आलेली ही जपानी बाई. तिच्या व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं, आणि गाईडचा परवाना तर नव्हताच. पण जपानहून येणाऱ्यांना आपलं माणूस हवं असतं. अंधेरीच्या एका टूर कंपनीने तोड काढली. बोलायचं तोमोकोने, आणि गळ्यात परवाना अडकवून बसच्या पुढच्या सीटवर बसायचं सुगंधाताईने. कुणी हटकलंच तर परवाना दाखवायचा. अशा माणसाला आम्ही आपसात 'बसता गाईड' म्हणतो, आणि म्हणताना हसतो.

मला मात्र हसू येईना. ज्या बाईचं बोलणं ऐकून मी हा धंदा शिकलो तिला मुकी करून बसवलेली बघितली की माझं डोकं फिरायचं. तीन वर्षं हे चाललं. एकदोनदा ताईकडे विषय काढला, तर म्हणाली, "राहू दे रे हर्षद." मला वाटलं, बिचारी घाबरते. शेवटी घाटकोपरला आमच्या संघटनेची मीटिंग झाली तेव्हा मी पर्यटन खात्याकडे तक्रार लिहिली. परवाना नसलेले परदेशी लोक इथे गाईडगिरी करतात, त्यांना इथल्या भाषेचा गंध नसतो, इथल्या माणसाच्या तोंडचे शब्द ते काढून घेतात, असं झणझणीत पत्र. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, सुटल्यावर तिलाच कळेल.

जानेवारीत एका सकाळी तपासणीचे साहेब कान्हेरीला आले, बरोबर एक क्लार्क. पंधरा जपानी पाहुणे चैत्यापुढे उभे होते, तोमोको बोलत होती, ताई एका बाजूला दगडावर बसलेली. मी माझा ग्रुप माकडांच्या स्वाधीन करून जवळ सरकलो. हा क्षण मला बघायचा होता.

साहेबांनी तोमोकोला मुद्दाम मराठीत विचारलं, "काय बाई, इथली भाषा येते का तुम्हाला?"

"येता थोडी थोडी," तोमोको म्हणाली. "हळू बोला साहेब, मगे माका समजात."

साहेब बघतच राहिले. "ही कुठली, कुडाळची काय?" त्यांनी क्लार्कला विचारलं आणि दोघं हसले. रिकाम्या वेळात ताईने तिला मराठी शिकवलं होतं, तेही घरचं. माझ्या पत्रातला अर्धा दम तिथेच गेला.

"बरं, परवाना कुणाकडे आहे?"

ताई उठली, गळ्यातलं कार्ड पुढे केलं. साहेबांनी नीट तपासलं. "खरा आहे. मग मॅडम, आता तुम्ही सांगा यांना. मी ऐकतो."

ताई त्या जोडप्यांच्या मूर्तींकडे वळली. "मिनासान," म्हणाली. मंडळी, असा त्याचा अर्थ, एवढं मलाही माहीत होतं. पुढे काही येईना. पंधरा म्हातारे चेहरे तिच्याकडे लागलेले. तिचे ओठ हलले, हात अर्धा वर गेला, तसाच राहिला. मी मनात ओरडत होतो, अगं एक ते वीस आकडे म्हण, साहेबांना काय कळणार आहे! पण ऐकणारे साहेब एकटे नव्हते, आणि जपानी माणसांपुढे जपानीत थापा मारणं तिला जमणारं नव्हतं. ग्रुपमधली एक आजी मान हलवून तिला धीर देत होती. त्याने तर ती आणखीच गांगरली.

तोमोको मध्ये आली. "साहेब, ही दमलीहा. हिका जरा बसूक देवा."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी ताईला बाजूला घेतलं. "मॅडम, एक करा. या बाईने तुम्हाला बोलू दिलं नाही, असं लिहून द्या. तुमच्या परवान्याला धक्का लागणार नाही. तिचं काय ते आम्ही बघू." क्लार्कने कागद आणि पेन पुढे धरलं.

मला राहवेना. "ताई, लिही. खरं तेच लिहायचंय ना!"

तिने माझ्याकडे बघितलं. "तू बोलावलंस यांना?"

मी मान डोलावली. अभिमानाने डोलावली, हेही कबूल करतो.

तिने कागद परत केला. "साहेब, हिने मला कधी अडवलं नाही. कंपनीने काहीही ठरवलेलं असो, पहिले तीन दिवस मीच बोलत होते. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, रात्र रात्र जागरण. चौथ्या दिवशी बसमध्ये माझा डोळा लागला. हिने माझ्या अंगावर शाल टाकली आणि माझं काम केलं. मी उठले तेव्हा मला इतकं बरं वाटलं, साहेब, काय सांगू. दुसऱ्या दिवशी ही माईक माझ्या हातात देत होती. मी म्हटलं, आज तूच बोल. त्या दिवसापासून ही रोज मला विचारते आणि रोज मी हेच सांगते. आई जाऊन वर्ष झालं. तरी हेच सांगते."

तिने गळ्यातली दोरी काढली आणि कार्ड साहेबांच्या हातात ठेवलं. साहेब म्हणाले, फेरपरीक्षा द्या, तीन महिने आहेत. ती नको म्हणाली. तोमोकोला त्यांनी समज दिली, यापुढे इथे एक शब्द बोलायचा नाही. मग त्या पंधरा जणांनी उरलेली लेणी आपली आपण बघितली, पाट्या वाचत, एकमेकांशी कुजबुजत. तोमोको खाली मान घालून त्यांच्यामागे चालत होती.

मी ताईशेजारी पायरीवर बसलो. मला वाटलं होतं ती रागावेल, चार शिव्या देईल. मालवणी बाई, शिव्या तिला कमी नव्हत्या. पण तिने पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"ताई, मी तुझ्यासाठीच केलं गं. तुला गप्प बसवलेलं बघवत नव्हतं."

"माहीत आहे रे."

"मग आता?"

"आता काय. तुझ्या मनात होती ती बाई तू सोडवायला आलास. ती केव्हाच गेली होती." तिने पदराने चेहरा पुसला. "यांना बोलवायच्या आधी एकदा घरी यायचं होतंस. विचारायचं होतंस, ताई, तुला बोलावंसं वाटतं का? मी नाही म्हटलं असतं आणि तुझ्यापुढे पोटभर रडले असते. बास, तेवढंच हवं होतं. मग परवाना मी आपल्या हाताने परत दिला असता तरी चाललं असतं."