गाण्याची सुपारी

धरणगावच्या कलाबाईंचा आवाज म्हणजे खणखणीत काम! जयंतीच्या मिरवणुकीत भीमगीताची पहिली ओळ त्यांनी उचलायची, मग बाकीच्या बायांनी. पण गेल्या वर्षी खोकल्याने बाईंना असं धरलं की अर्ध्या ओळीतच दम संपे. काढे झाले, गोळ्या झाल्या, दम्याचा पंप झाला. टीबीही तपासून झाला, तो निघाला नाही. न्यूमोनिया मात्र फिरून फिरून येई, आणि दरवेळी उजव्याच बाजूला. यंदा जयंतीला ओळ दुसरंच कोणी उचलणार, या विचाराने कलाबाईंचा जीव तीळ तीळ तुटायचा.

जळगावच्या डॉक्टर हेमलताबाईंनी छाती दोन्हीकडून नीट ऐकली. "अक्का, शिट्टी उजवीकडेच वाजतेय. दम्याची सहसा दोन्हीकडे वाजते. खाताना कधी जोराचा ठसका लागला होता?"

"नई माय. मी काय ल्हान पोर शे का?"

सीटी स्कॅन काढला, तर उजव्या श्वासनळीत काहीतरी रुतलेलं! डॉक्टरांनी परत तेच विचारलं, कलाबाईंनी परत मान हलवली. मग नवरा झिपरूभाऊ उसळला. "खातांना नई, गातांना! गालमा सुपारीनं खांड धरस ना ही. भाचीना लगनमा हळदले गाता गाता हासनी, जोरमा ठसकनी, आनि खांड गायब!"

"पन ते काय खानं शे?" कलाबाई चिडल्या. "ते मी आवाजसाठे ठेवस!"

आता बोला! गाण्याची सुपारी त्यांच्या आईपासून चालत आलेली. ती चावायची नाही, गिळायची नाही, नुसती गालात ठेवायची. तिला खाणं कोण म्हणेल? डॉक्टरबाई हसून हसून बेजार झाल्या.

दुर्बीण घालून खांड काढलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आपली नळी कलाबाईंच्याच कानांना लावली, दुसरं टोक त्यांच्या उजव्या बरगडीवर टेकवलं आणि म्हणाल्या, "घ्या श्वास."

कलाबाई ऐकतच राहिल्या, हा मोकळा वारा आपलाच हे त्यांना पटेना. "हाऊ वारा मना शे?"

आनंद काही मावेना. बाईंनी तिथंच, खाटेवर बसून, जयंतीची ओळ उचलली. थोडी घोगरी, पण एका दमात पुरी! नर्स दटावायला धावली, तर झिपरूभाऊ आडवा. जन्मभर बायकोला "बस कर ना" म्हणणारा तो माणूस डोळे पुसत होता, आणि म्हणत होता, "आजून म्हन. आजून म्हन."