गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट

आमच्या गल्लीत पोरीचं वय कपड्यावरून ठरायचं. झगा असला तर लेकरू, परकर आला की नजर ठेवायची पोर, आणि लुगडं नेसलं की दुसऱ्याच्या घरची. जन्मतारखा कोण लिहून ठेवत होतं? म्हणूनच त्या दिवाळीत माझ्या मोठ्या बहिणीला न्हाण आलं तेव्हा मायने ते कोणालाच कळू दिलं नाही, आणि दिव्यांची तेलं पुसायच्या आत तिच्यासाठी आखूड स्कर्ट शिवायला घेतला. मी ताईच्या शेजारी निजणारी, मला कळल्यावाचून राहणार नव्हतं. मायने माझा कान पिरगाळून सांगितलं, "तोंडातून शब्द काढला तं पाहा." मी काढला नाही. माझ्या तोंडाचा लौकिक पाहता ही मोठीच गोष्ट होती.

तेव्हा आम्ही चांद्यात, परकोटाच्या आत राहायचो. बाबा लाकडाच्या डेपोत कारकून. त्यांना त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे अहेरीकडे दिलेल्या आमच्या आत्याने, आईच्या माघारी वाढवलं होतं. ताई पाळण्यात होती तेव्हाच बाबांनी आत्याला शब्द देऊन टाकला होता, की पोरीला न्हाण आलं की ती तुझी सून. भावाच्या पोरीवर आत्याचा हक्क आमच्याकडे असतोच, त्यात बाबा उपकाराखाली दबलेले. लोक त्यांना फार भला माणूस म्हणायचे. भल्या माणसांना दुसऱ्याचं आयुष्य देऊन टाकायला काही वाटत नाही, हे माझं मत तेव्हाचं आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

ताई सातवीत होती. परीक्षा चैत्रात. सातवी झालेल्या पोरीला मास्तरीण होता येतं, हे मायने कुठूनतरी ऐकलं होतं. ती स्वतः दुसरीतून उठलेली. चैत्रापर्यंत ताई लेकरू राहिली पाहिजे, एवढंच तिने मनाशी धरलं.

पण स्कर्ट कसा बेततात हे तिला ठाऊक नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. जंगलखात्याचा कोणी गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा चाचांनी त्याच्या बंगल्यावरचं जुनं मशीन घेतलं होतं. मशीनच्या खणात छापील पाकिटांचा गठ्ठा निघाला. वर स्कर्ट घातलेल्या गोऱ्या पोरीचं चित्र, आत पातळ करकरीत कागदाचे कापलेले तुकडे, त्यांच्यावर रेघा आणि भोकं. विलायतेत म्हणे कपड्याचे बेत असे तयार विकत मिळत. चाचांनी ते कधी उघडलेही नव्हते. पाकिटं फाडून ते त्यात गिऱ्हाइकांना बटणं बांधून द्यायचे. माय बटणं आणायला गेली आणि त्या चित्राकडे बघत उभीच राहिली.

"ले जाव ना बाई," चाचा म्हणाले. "अपने यहां ये पहनता कौन?"

मायने त्या चित्रात जे पाहिलं ते चाचांनीही पाहिलं नसेल. परकर कापून आखूड केला तर तो तोकडा परकरच दिसतो, आणि भरत चाललेल्या अंगाची आणखीनच चुगली करतो. चित्रातल्या स्कर्टच्या चुण्या मात्र कमरेपासून खाली बऱ्याच अंतरापर्यंत दाबून शिवलेल्या होत्या. त्यामुळे ती पोरगी वरपासून खालपर्यंत फळीसारखी सरळ दिसत होती. शिवाय गुडघे उघडे. गुडघे दिसणारी पोरगी म्हणजे लेकरूच, त्यात कोण शंका काढणार?

इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा तिने चित्रावरूनच काम चालवलं. पहिला स्कर्ट अर्धाच झाला, कारण कागद अर्ध्या भागाचाच होता आणि कापड दुमडून वर ठेवायचा होता. बरं, ते जुनं लुगडं होतं म्हणून निभावलं. त्या अर्ध्या स्कर्टात मी माझी बाहुली गुंडाळून फिरले, आणि त्या घरात तेव्हा कितीतरी दिवसांनी हसू ऐकू आलं. पुढचे स्कर्ट मात्र नीट झाले. एक निळा, एक चौकड्यांचा. ताई दोन वेण्या घालून, उघड्या गुडघ्यांनी शाळेत जायची, आणि शेजारणी म्हणायच्या, "तुमची पोरगी वाढूनच नाई राह्यली वो!"

"हाडाचीच बारीक आहे," माय म्हणायची.

हे सगळं वरवरचं. आत ताई झुरत होती. आमच्या घरात बाई चार दिवस बाजूला बसायची. चुलीला, पाण्याला, देवाला हात लावायची नाही. ताई बाजूला बसली असती तर बोभाटा झाला असता. म्हणून माय त्या दिवसांतही तिच्याकडून पाणी भरून घ्यायची, भाकरी करून घ्यायची. तिच्या पाळीच्या कापडाच्या घड्या मायच्या लुगड्याखाली लपून वाळायच्या. ताई देवघराजवळून जाताना अंग चोरायची. थंडीत मला ताप भरला आणि बरेच दिवस उतरेना, तेव्हा त्याचं खापर तिने स्वतःवर फोडलं. माझ्या उशाशी बसून म्हणायची, "माझ्या हातचं खाल्लं ना तू, म्हणून." मी तिला सांगितलं की मी कच्च्या बोरांनी आजारी पडले आहे. ती ऐकेना. तिचं ते भेदरलेलं तोंड आठवलं की मला आजही मायचा राग येतो, आणि मग बाबांचा येतो, आणि तो काही केल्या जात नाही.

चैत्रात महाकालीची जत्रा भरली आणि आत्या जत्रेला म्हणून आमच्याकडे उतरली. परीक्षा अगदी तोंडावर. त्यात शाळेचा फोटो काढायचं ठरलं आणि सातवीच्या पोरींना पांढरा पोशाख सांगितला. मायने मांजरपाट आणलं आणि कापायच्या आधी, नेहमीच्या सवयीने, त्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट लावलं. नवं कोरं कापड आमच्याकडे हळद लावल्याशिवाय कापत नाहीत. परकरात ते कोपरे नेफ्यात जातात, कोणाला दिसत नाहीत. पण या बेताला कापड जेमतेम पुरत होतं आणि कागद थेट कोपऱ्यापर्यंत गेला. स्कर्ट शिवून झाला तेव्हा हळदीचं बोट मागच्या बाजूला, अगदी नको तिथे आलेलं दिसलं.

फोटोच्या सकाळी मायने तो सोड्यात धुऊन दोरीवर टाकला. हळदीला सोडा लागला की ती लाल होते आणि ऊन लागलं की उडते, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? पण त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. माय विहिरीवर गेली, ताईला उशीर होत होता, तिने दोरीवरचा ओलसर स्कर्ट ओढून चढवला आणि बाहेर पडली. ओट्यावर आत्या गल्लीतल्या दोघीतिघींबरोबर तांदूळ निवडत बसली होती.

"थांब वं पोरी!" आत्या ओरडली. मग तिचं तोंड फुललं. "अवं, पोरगी न्हाली माझी!"

ताई जागच्या जागी थिजली. बायका उठल्या, एकीने कुंकवाची डबी मागितली. तेवढ्यात माय घागर घेऊन आली. तिने डाग पाहिला, घागर खाली ठेवली, आणि अगदी शांतपणे बोलली.

"हळद आहे ते, बाई. कोऱ्या कापडाले लावलेली."

"मले शिकवून राह्यली का तू?"

मायने घरातून लिंबू आणलं, कापलं आणि सगळ्यांसमोर डागावर पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला. बायका हसल्या. मला तर नाचावंसं वाटलं. मायच्या कपाळावरची शीर ताठलेली होती, ती तेवढी मी पाहिली.

आत्या खजील झाली. आमची आत्या दुष्ट नव्हती, तसं म्हटलं तर सोपं पडलं असतं. पोरीवर भलता बोल लावला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवीच्या दिवसांत कुमारिकेले असं बोलली मी," ती म्हणाली. तिने पाट मांडला, ताईला हाताला धरून त्यावर बसवलं आणि तांब्या घेऊन पुढ्यात बसली. कुमारिका म्हणजे देवीच. तिचे पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं. आत्याचे केस पांढरे झालेले, गुडघे दुखत होते, तरी ती वाकली आणि तिने ताईच्या पायांना हात लावला.

ताईने पाय मागे घेतले.

"नको ना आत्या," ती म्हणाली. "माझे पाय नको धुऊ. मी न्हाली आहो. दिवाळीपासून."

आत्याने तांब्या खाली ठेवला. मग ती मायला म्हणाली, "इतके दिवस हिच्या हातचं खाऊन राह्यली मी?" आणि उठून आंघोळीला गेली. बाबा डेपोतून आले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली. फोटो ताईशिवाय निघाला, परीक्षाही तिच्याशिवाय झाली. वैशाखात लग्न लागलं. माय ताईला एकदाच बोलली, "परीक्षेपुरता दम धरला असता वं माय." ताई म्हणाली, "ती माझे पाय धुणार होती." सासरी जाताना ताईने ती विलायती पाकिटं मागून घेतली. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून नेत असेल.

पुष्कळ वर्षांनी मी तिच्याकडे गेले. आत्या खाटेवर, डोळ्यांना दिसेनासं झालेली. ताई मशीनवर बसली होती. तिची लेक गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टात, पुस्तकांची पिशवी घेऊन शाळेत निघाली. चुण्या कमरेपासून दाबून शिवलेल्या, मी त्या लगेच ओळखल्या. मागच्या दोरीवर ताईच्या लुगड्याखाली घड्या वाळत होत्या. ताईची पाळी कधीच थांबली होती, तिनेच मला सांगितलं होतं.

"सूनबाई," आत्याने खाटेवरून विचारलं, "पोरगी न्हाली का नाई अजून?"

ताईने मशीन थांबवलं नाही.

"नाई आत्या," ती म्हणाली. "लेकरू आहे अजून."