‘आजच बंद करा’ असं मी लिहिलं होतं

मी लिहिलेलं पहिलं पत्रक आठ पानांचं होतं आणि त्यातलं एक वाक्य खोटं होतं. लिहिताना मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. माहीत ज्यांना होतं त्या समोर बसून ऐकत होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

विषय सगळ्या गावाला ठाऊक असलेला. आमच्या पाटोद्याच्या डोंगरपट्टीत बाई रानात जाते तेव्हा अंगावर पिणाऱ्या लेकराला अफू देऊन जाते. मोहरीएवढी. आपल्याच दुधात बोटानं उगाळायची आणि लेकराच्या तोंडात टाळूला लावायची. मग लेकरू झाडाच्या झोळीत दिवस कलेपर्यंत पडून राहतं. बाईचं खुरपं चालतं, मालकाचं रान निघतं, आणि लोक म्हणतात, काय गुणाचं लेकरू आहे. ही झोप नव्हे, हा बेशुद्धपणा आहे, असं मी लिहिलं. बाजारात परवाना घेऊन उजळ माथ्यानं अफूचं दुकान चालतं आणि दरबारच्या तिजोरीत त्याचा हिस्सा जातो, हेही लिहिलं. असलं काही आमच्या मोगलाईत, संस्थानाच्या हद्दीत, छापून मिळत नाही. नगरकडच्या इंग्रजी मुलखात छापून घेतलं आणि मिरच्यांच्या पोत्याखालून गठ्ठा हद्दीच्या अलीकडे आणला. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पोतं उतरवताना डोळ्यांची आग झाली, तीसुद्धा मला देशकार्य वाटली.

पत्रकाचं नाव होतं, ‘बाळाची अफू आजच बंद करा’. ‘उद्या’ म्हणणाऱ्यांवर मी अर्धं पान झोडलं होतं. आणि शेवटच्या पानावर ते वाक्य: ‘प्रस्तुत लेखकाची माता विधवा असून एकटीने रान करीत असे, तरी तिने आपल्या पुत्रास अफूचा कणही दिला नाही.’

आईला विचारून लिहिलं होतं का? नव्हतं. लहानपणापासून ती सांगायची, "तू लई गुणाचा हुतास, रडायचाच न्हाईस." एवढ्यावर मी इमारत उभी केली. मारुतीच्या पारावर उभा राहून मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा सगळ्या बायांनी माना वळवून आईकडे पाहिलं. आई पदर पुढं ओढून खाली बघत राहिली. मला वाटलं, लाजली.

पुढं वर्षभरात मला मुलगी झाली. मी कधी पाटोद्याच्या बाजारात, कधी बीडला, कधी आणखी कुठं. आठ आठ दिवस घरी नसायचो. आल्यावर तिला उचलायचो. ती माझ्या खांद्यावर मान टाकून अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बघत राहायची. रडणं नाही, चुळबुळ नाही. मी गावभर सांगत सुटलो की लेक मला ओळखते, माझ्याकडं आली की शांत होते.

"लेक बापावर गेली न्हाई बे," माझा एक सोबती म्हणाला. "तू कवा गप बसतोस?"

ती सात महिन्यांची असताना ज्वारीची काढणी आली. एका दुपारी मी न सांगता रानात गेलो. बायको लिंबाखाली झोळीशी वाकलेली होती आणि तिचं बोट लेकीच्या तोंडात होतं.

"काय देतीस?" मी विचारलं.

तिनं बोट पदराला पुसलं. लपवलं काही नाही. "तुमाला काय वाटलं, ही आपसूक झोपती?"

"माझं पत्रक सगळ्या गावानं ऐकलं, आणि माझ्याच घरात?"

"ऐकलं की. मीबी ऐकलं. मी रानात आल्यावर हिला कोण घेणार ते काय त्यात न्हवतं." मग ती कणसांकडे बघत म्हणाली, "आत्याबाईंकडं कावून बघता? त्या काय हिला घेऊन बसतील का? त्याबी पातीलाच हायेत."

पलीकडच्या ओळीवर, तिच्या पातीला, आई होती. ताटं उपटत होती. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

मी पुडी हिसकून घेतली, घरी आणून चुलीत टाकली आणि जाहीर केलं की उद्यापासून लेकीला मी बघेन. ज्वारी उभी होती. दुसऱ्या दिवशी दोघी रानात गेल्या.

पहिल्या दिवशी लेक शिंकायला लागली. एकामागून एक, दहा-बारा शिंका. मग जांभया. मला वाटलं, पडसं आहे. दुपारनंतर रडणं सुरू झालं. मी तोवर तिचं रडणं ऐकलंच नव्हतं, हे मला ते ऐकताना कळलं. बारीक, कापरं, लांबच लांब. मला तर आधी आनंद झाला. हे खरं रडणं, स्वतंत्र लेकराचं रडणं, असलं काहीतरी वाक्यसुद्धा डोक्यात तयार झालं. दुसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. पाय पोटाशी घ्यायची, अंग थरथरायचं. संध्याकाळी बायको घामेजलेली धावत यायची आणि पाजायला घ्यायची, तर लेक अंगावर धरायची नाही, तोंड फिरवायची. दूध भरून आलेलं, आणि दोघी रडतायत.

आणि मी? मी घेतलं की कमान करून मागं जायची. मला ओळखते म्हणून गावभर सांगितलं ती हीच का? तेव्हा ओळखत होती की नव्हती? का आता पहिल्यांदा ओळखतेय आणि हा माणूस नको म्हणतेय? माझं प्रेम तरी कुणावर बसलं होतं, लेकीवर की त्या मोहरीएवढ्या गोळीनं मऊ पडलेल्या मानेवर? असले प्रश्न मी पत्रकात चार ओळींत निकालात काढले असते. तिथं, ओट्यावर, ते रडणं कानात चालू असताना, मला एकाचंही उत्तर येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला झोळीत ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलंच जवळजवळ. आणि गोठ्याच्या पलीकडं जाऊन कानांवर हात ठेवून उभा राहिलो. त्या घटकेला माझ्या हातात अफू असती तर मी दिली असती. हे लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्यांच्या लाजेवर आठ पानं लिहिणाऱ्यानं निदान एवढं तरी लिहावं.

थोड्या वेळानं रडणं थांबलं. बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून भीती वाटली, आणि धावलो. लेक डोळे उघडे ठेवून पडली होती. तोंड रडण्याचं, आवाज नाही. टाळू खोल गेलेली. मी रानाकडं तोंड करून हाका मारल्या.

आईनं येऊन एकदा पाहिलं आणि तशीच धनगरवाड्याकडं गेली. तिथली म्हातारी सुईण निम्म्या गावाची बाळंतपणं केलेली. ती आली, लेकीच्या पोटावर हात ठेवला, पायाचे तळवे चोळले आणि विचारलं, "कवा बंद केली?"

"तीन दिस झाले," आई म्हणाली.

"एकदम?"

"पत्रकात तसं लिवलं हाय," बायको म्हणाली.

"कुणाच्या पत्रकात?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "भरली गाडी घाटातनं कशी उतरवता तुमी मालक? बैल सोडून देता का? का चाकाला अडणा लावत, हळूहळू?"

तिनं इलाज सांगितला. एक मातीचं बोळकं घ्यायचं. त्यात सात दिवसांची अफू सात शिंपले पाण्यात विरघळवायची. रोज एक शिंपला लेकराला पाजायचा आणि लगेच एक शिंपला साधं पाणी बोळक्यात घालायचं. बोळकं भरलेलंच राहतं, आतलं पातळ होत जातं, आणि लेकराच्या जिवाला पत्ता लागत नाही. "महिना-दीड महिना लागंल," ती म्हणाली. "आज पहिला शिंपला पोटात गेला तर लेकरू तुमचं. मीठसाखरेचं पाणी बोटानं सोडत ऱ्हावा तवर. आना अफू."

अफू नव्हती. मी जाळली होती. आई शेजारी गेली. शेजारीण म्हणाली, आमच्यात कोण देतं. पलीकडच्या घरी गेली, तिथंही नाही. पंधरा घरं झाली. ज्या घरात झोळीतलं लेकरू समोर डुलतंय तिथंही नाही. पत्रकवाल्याच्या घरून मागायला आलेत. कबूल करून उद्या पारावर आपलं नाव कोण ऐकून घेणार? माझं काम इतकं चोख झालं होतं.

पाटोदा दोन कोस. मी पळत गेलो. ज्या दुकानापुढं उभं राहून मी दर बाजारी ओरडायचो त्याच फळीशी उभा राहिलो. दुकानदारानं माझ्याकडं नीट पाहून घेतलं.

"किती?"

"सात दिवसांची. लेकरासाठी."

त्यानं काटा धरला, हसला नाही. "पत्रक हाय का एखादं खिशात? पुडी बांधायला कागद सरला हाय माझा."

खिशात होतं. मी शेवटचं पान फाडून दिलं.

पहिला शिंपला मी पाजला. सुईण म्हणाली, तुमीच पाजा. तपकिरी पाणी ओठांच्या कडेनं थोडं सांडलं, बाकीचं गेलं. घटकाभरानं पाय सैल पडले, थरथर थांबली, आणि संध्याकाळी बायकोच्या अंगावर ती चुटूचुटू प्यायला लागली. बायको भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मी आनंदानं रडावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी, हे मला ठरवता येईना, म्हणून दोन्ही केलं नाही.

मग आठवलं. हे आठ पानी पत्रक मी किती घरांत वाचलंय? तिथल्या लेकरांचं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया लिंबाखाली भाकरी खायला बसल्या होत्या तिथं गेलो. आई लेकीला कडेवर घेऊन माझ्या मागं आली. मी सांगितलं, एकदम बंद करू नका, बोळकं असं असं करा, मी चुकीचं लिहिलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक फिसकन हसली. "आमी कुठं बंद केली? तुमी एवढं बोंबलून सांगत हुता म्हणून माना हालवल्या."

कुणीच ऐकलं नव्हतं. एकीनंही नाही. मला हायसं वाटलं. वर्षभर राबलेल्या माणसाला आपलं कुणी ऐकलं नाही म्हणून हायसं वाटावं, याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

मग एक तरणी पोर म्हणाली, तिच्या मांडीवर महिन्या-दोन महिन्यांचं लेकरू होतं. खोचून नव्हे, खरंच विचारत होती. "पण तुमच्या मायनं दिलीच न्हवती ना? कागदात हाय. मग त्यांला एकलीला कसं जमलं? तेवढं सांगा की. म्हंजी आमीबी तसं करू."

मी तोंड उघडणार होतो. त्याआधी आई बोलली.

"दिली. याला दोन वरसं दिली."

त्या पोरीनं मांडीवरच्या लेकराकडं पाहिलं.

"याच्या आदी एक हुता. त्यालाबी दिली. तो ज्वारीच्याच दिसांत झोपला तो उठला न्हाई. रानाचे मालक म्हनले, गुणाचा हुता." तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हातारी म्हनती तसं बोळकं करा. एवढंच सांगायला आलते."

मला मोठा भाऊ होता हे मला बाविसाव्या... नव्हे, तेविसाव्या वर्षी, पंधरा बायांबरोबर कळलं.

परतताना मी म्हणालो, "पारावर वाचलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"एवढ्या मान्सांत माझं नाव घेतलंस. चांगलं घेतलंस. लेकाला खोटं कशाला पाडू?"

"आणि एक गेल्यावर मला कशी दिलीस मग?"

"तुझा बाप न्हवता. रान कोन काढनार हुतं?"

बांधापाशी आल्यावर ती म्हणाली, "एक पात झाली की खुरपं टाकून यायची झोळीशी. तुझ्या नाकाशी हात धरायची. वारा लागला की परत दुसरी पात. दिसभर."

हे ऐकून मी तिच्यावर रागवायला हवं होतं की तिचे पाय धरायला हवे होते? एका बाजूला ते दुकान, तो परवाना, ज्याचं रान त्याची घाई, या सगळ्याचा संताप येतो, आणि तो अजूनही तसाच आहे, त्यात तीळभर फरक नाही. पण त्या संतापाच्या मधोमध एक बाई खुरपं टाकून झोळीकडं चाललेली दिसते आणि माझं वाक्य पुढं सरकत नाही. नवं पत्रक तीनदा लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत बायांनो म्हणावं की मालकांनो, इथंच अडतं.

बोळक्याला सहा आठवडे झाले. काल मी बोट बुडवून चाटलं, कडूपणा नाही. आता शिंपल्यात पाणीच जातं, तरी शिंपला दिसला की लेक तोंड उघडते. दिवसभर रडते, रांगते, माझी दौत सांडते. मी बाजार सोडून घरी बसतो. सोबती टोमणे मारतात.

दुपारी ती आपली आपण झोपते. अगदी गाढ, मान मऊ पडलेली, पूर्वीसारखीच दिसते. मग मला राहवत नाही. लेखणी ठेवून उठतो, तिच्या नाकाशी हात धरतो. आजही धरला. हात जरा लागला असावा; ती दचकून उठली आणि भोकाड पसरलं.

आतून आईचा आवाज आला, "झोपू दे की तिला. आता तूच उठवाया लागलास."