गोफण्याचा उजवा खांदा

गोफण्या सीमेवरून चेंडू फेकायचा तेव्हा यष्टींमागे उभा राहून मी हातमोजे नुसते छातीशी धरायचो. चेंडू टप्पा न घेता त्यांत येऊन बसायचा. मावळात, त्याच्या गावी बेडशाच्या भातखाचरांवर लहानपणापासून गोफणीनं पाखरं उडवून त्याचा हात तयार झाला होता. पुण्याच्या कॉलेजात त्याला संघात मीच आणलं. कप्तान मी होतो. लोणावळ्याला आमचं किराणा दुकान, म्हणून तो मला शेट म्हणायचा.

कुणीही म्हणावं आणि त्यानं फेकून दाखवावं, अशी त्याची खोड होती. सराव संपला तरी पोरं त्याला सोडत नसत. "गोफण्या, त्या चिंचेपर्यंत?" तो बाही सारून तयार. "एवढ्यानं काय हात झिजतोय व्हय?"

दुसऱ्या वर्षी खाणावळीत त्याची जेवायची रीत बदलली. घास तोंडाकडे न्यायच्या ऐवजी तो तोंडच ताटाकडे नेऊ लागला. पोरं हसली, "बैल गव्हाणीला लागला रे!" तोही हसला. मी शेजारी बसायचो. वर्षभर त्याला ताठ बसून जेवताना पाहिलं होतं. त्याचा खांदा हात उचलू देत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. मी गप्प राहिलो. अंतिम सामना जवळ आला होता.

शेवटी तोच म्हणाला, "शेट, खांद्यात सुई मोडल्यावानी होतंय. ह्या खेपेला भाईर ऱ्हाऊ दे का मला?"

"एवढा सामना काढ. मग उन्हाळाभर झोप."

"कप्तान म्हनतोय म्हंजे झालं."

वरची आग झाली की आतली कळ विसरते, अशी आमच्याकडची समजूत. घरच्या दुकानातला बिब्बा आणून मी स्वतः तापवला आणि त्याच्या खांद्यावर घातला. कातडी फोडांनी भरून आली. "घाल शेट, आयनं पोटावर घातलाय की ल्हानपनी," म्हणत त्यानं दात आवळले.

सामन्यात समोरच्या संघाची शेवटची जोडी खेळत होती. गोफण्यानं पळत जाऊन चेंडू उचलला आणि फेकला. तो माझ्या हातात आला, मी यष्ट्या उडवल्या, आम्ही जिंकलो. पोरं माझ्याभोवती नाचू लागली. तो सीमेवरच बसून राहिला, हात लोंबता सोडून.

डॉक्टर चिडले. "दुखायला लागलं तेव्हाच थांबायचं. आता हा हात वर जाणं कठीण."

"मीच सांगितलं न्हाई कुनाला," गोफण्या म्हणाला. मी शेजारीच उभा होतो.

त्यानं कॉलेज सोडलं. मावळात भात झोडायचं तर पेंढी डोक्यावरून आणून दगडावर आपटावी लागते. बऱ्याच वर्षांनी मी बेडशाला गेलो तो सारं कबूल करायचं ठरवूनच. खळ्यावर त्याची बायको एकटी भात झोडत होती. तो डाव्या हातानं पेंढा सारत होता.

"ये शेट, बस. आता दुखत न्हाई बग. उचलतच न्हाई, तर दुखंल कुटनं?" मग बायकोला म्हणाला, "पाया पड यांच्या. माजे कप्तान हायेत."

पदर सावरून ती वाकली. तिच्या तळहातांची सालं निघाली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "यंदा भात बरं दिसतंय."

"व्हय, लय चांगलं आलंय," ती म्हणाली, आणि उठून पुढची पेंढी उचलली.