कलेजी आपणहून सुटते

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर कोणत्याही वस्तूवर ती बोटाने वाजवून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही. नारळ आणि कलिंगड सगळेच वाजवून घेतात, ते सोडून द्या. मामा कुकर वाजवतात, खिडकीची काच वाजवतात, दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर आधी लोखंडी पलंग वाजवतात आणि मग पेशंटची चौकशी करतात. देवळात गेले की घंटेला बाहेरून एक टिचकी मारतात आणि समाधान झालं तरच ती वाजवतात. आमच्या लग्नाची बोलणी करायला सांगलीची मंडळी साताऱ्याला आमच्या घरी आली, तेव्हा बाकीचे माझं शिक्षण, नोकरी, शेती असं रीतीप्रमाणे विचारत होते. मामांनी काहीही विचारलं नाही. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं, कान जरा जवळ आणला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "चालतंय. कुठं चीर न्हाई." आमचं लग्न तेवढ्यावर ठरलं, असं बायको अजून चारचौघांत सांगते.

हा सगळा दोष सांगलीजवळच्या कुपवाडचा. तिथल्या एका फाउंड्रीत मामांनी छत्तीस वर्षं काढली. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेल्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओतायचा, माल गार झाला की साचा फोडून तो बाहेर काढायचा आणि हातोडीने हलकेच वाजवून बघायचा. चांगला असेल तर टण्ण वाजतो, आत चीर असेल तर बद्द. मामांनी पुढे सगळं जगच या दोन आवाजांत वाटून टाकलं. एखादा पुढारी तासभर भाषण करून गेला की मामांचा शेरा ठरलेला, "बद्द." भाचीचा दहावीचा निकाल "टण्ण." मामींच्या माहेरच्या माणसांबद्दल ते तोंडाने काहीच बोलत नाहीत. नुसतं बोट हवेत ठोकल्यासारखं करतात, आणि मामी उठून आत जातात.

मामांचं खरं प्रेम मात्र एकाच वस्तूवर आहे, आणि ती वस्तू म्हणजे त्यांचा बिडाचा तवा. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मालकाच्या परवानगीने, उरलेल्या रसातून तो स्वतःच्या हाताने ओतला. करंगळीएवढा जाड, दोन बाजूंना दोन कान, आणि वजन असं की पहिल्यांदा उचलणारा माणूस एकदा खाली ठेवतो आणि पुन्हा नीट पाय रोवून उचलतो. नव्या नवरीच्या उत्साहात मामींनी एकदा तो साबण आणि घासणीने घासून लख्ख केला होता. मामा तीन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी तवा चुलीवर ठेवला, तेलाचा बोळा फिरवला, अर्धा कांदा घासला, पुन्हा तेल, पुन्हा कांदा, असं करत करत महिनाभराने त्याला पूर्वीचा काळा तुळतुळीतपणा आणला. तेव्हापासून साबण आणि तवा यांची गाठ पडलेली नाही. मामा परगावी कुणाच्या घरी मुक्कामाला गेले तर तवा सोबत जातो. एकदा ते एसटीने साताऱ्याला आमच्या घरी येत होते, तेव्हा कंडक्टरने पायाशी ठेवलेली पिशवी सरकवायचा प्रयत्न केला आणि घाबरून विचारलं, "काय हाय वो ह्यात?" मामा शांतपणे म्हणाले, "न्ह्यारी."

न्याहरी म्हणजे रविवारची कलेजी. आमच्याकडे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते, हे काही मी सांगायला नको. मटण शिजायला दुपार होते, आणि तोवर घरातल्यांनी धीर धरावा म्हणून कलेजी आधी तव्यावर पडते. बहुतेक घरांत ती अर्धी ताटात येते आणि अर्धी तव्याला चिकटून राहते, मग बाईमाणूस ती खरवडत बसतं. मामांच्या हातून त्यांच्या तव्याला कलेजीचा एवढासा कणही कधी चिकटत नसे. त्यामुळे माझी नोकरी सांगलीत होती तोवर दर रविवारी आम्ही सगळे आठाच्या ठोक्याला मामांच्या स्वयंपाकघरात हजर असायचो, आणि मामा आम्हाला दर रविवारी तेच व्याख्यान पहिल्यांदाच दिल्यासारखं द्यायचे.

कलेजी ओली असेल तर चिकटणार, म्हणून ते आधी ती जुन्या धोतराच्या धुतलेल्या फडक्यात घेऊन तान्ह्या पोराचं अंग टिपावं तशी टिपायचे. मीठ आधी लावायचं नाही, पाणी सुटतं. तवा मंद आचेवर नुसताच तापवायचा, घाई नाही. पाण्याचा थेंब टाकला तर तो जागेवर चर्र करून मरता कामा नये, गोळी होऊन पळाला पाहिजे. मग तेल. मग एकेक तुकडा, एकाला दुसऱ्याचा धक्का लागणार नाही असा. आणि त्यानंतर मामा जे करायचे ते आमच्यापैकी कुणालाच जमलं नाही. ते काहीच करायचे नाहीत. उलथणं मांडीवर आडवं ठेवायचे, मान जराशी तव्याकडे झुकवायचे आणि ऐकत बसायचे.

"आदी ती वरडती," मामा सांगायचे. "मग बडबडती. मग कुजबुजती. कुजबुजली की तव्यानं तिला सोडली म्हनून समजायचं. तिच्या आदी हात लावाल तर फाटंल. आपुन सोडवायची न्हाई, ती आपनहून सुटती."

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मामांनी मोठ्या मानाने उलथणं माझ्या हाती दिलं. मी स्वभावाने घाईचा. रिक्षाची वाट बघायची वेळ आली तर मी चालत सुटतो आणि निम्म्या वाटेत ती मला मागे टाकून जाते. कलेजी अजून ओरडत होती आणि मी खाली उलथणं घातलं. वरचा भाग आला, खालचा तव्याशीच राहिला.  मामांनी माझ्या हातातून उलथणं काढून घेतलं, चिकटलेलं खरवडलं आणि म्हणाले, "पावनं, तुमी मानूस टण्ण हाय. पर हाताला लय घाई हाय." पुढची बावीस वर्षं त्यांनी मला ताट दिलं, मान दिला, दिवाळीला कपडे दिले, उलथणं दिलं नाही.

तवा सोबत नसला तरी मामांना राहवत नाही. एकदा आम्ही सगळे पाचगणीला गेलो होतो. हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला सॉसेज होते, आणि प्रत्येक सॉसेजचं एका बाजूचं कातडं सोललेलं. मामांनी ते काट्याने उलटंपालटं करून पाहिलं, उठले आणि सरळ मुदपाकखान्यात गेले. मी भांडण सोडवायच्या तयारीने मागे धावलो. आत बघतो तर आचाऱ्याने ऑम्लेटची जाड लोखंडी पाटी मोकळी करून दिली होती आणि मामा तिला बोटाने वाजवत होते. "पाटी झ्याक हाय गड्या," ते त्याला म्हणाले, "तूच तिला दमानं घेत न्हाईस." फ्रीजमधून काढलेले गार, ओले सॉसेज त्यांनी टिपून घेतले, आच निम्मी केली, आणि मग ते दोघं पाटीकडे कान करून शेजारीशेजारी उभे राहिले. बाहेर चार टेबलं नाश्त्यासाठी खोळंबली होती. शेवटी सॉसेज हलक्या धक्क्याने आपणहून गडगडला, तेव्हा आचारी ज्या नजरेने मामांकडे बघत होता, तशी नजर मला माझ्या सख्ख्या माणसांकडूनही कधी मिळालेली नाही.

भट्टीशेजारी छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान किती टिकणार? मामांच्या बाबतीत आम्हाला ते फार उशिरा कळलं, कारण ते मुळातच आपलं बोलणारे आणि दुसऱ्याचं कमी ऐकणारे. दाराची बेल ऐकू येईना, तर त्यांनी बेलच बद्द ठरवली. भाचीने, म्हणजे माझ्या बायकोने, कानातलं मशीन आणून दिलं. मामांनी ते एक दिवस लावलं आणि डबीत घालून परत दिलं. "ह्यात समदं सारखंच वाजतंय," ते म्हणाले. "पंखा बी, मामी बी."

मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. नेहमीसारखं व्याख्यान झालं, कलेजी पडली, मामांनी मान झुकवली. कलेजी अजून चांगली बडबडत होती आणि मामांनी उलथणं घातलं. "थांबा" माझ्या ओठांवर आलं होतं, पण बावीस वर्षांचा धाक आडवा आला. तुकडा फाटला. दुसराही फाटला. मामांनी सगळे तुकडे खरवडून ताटांत वाढले. आम्ही सगळ्यांनी जरा जास्तच मोठ्याने वाहवा केली, बायकोने दोनदा मागून घेतलं. मामांनी स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

मंडळी बाहेर गेली तरी मी आतच रेंगाळलो. मामांनी तवा पुसला, कडेला उभा धरला आणि बोटाने वाजवला. कान जवळ नेऊन पुन्हा वाजवला. मग तो माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, "बगा वो पावनं. चीर गेलीया. बद्द वाजतोय."

मी तवा वाजवला. टण्ण वाजला. देवळातल्या घंटेसारखा, किती तरी वेळ हातात थरथरत राहिला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की खोटं बोलावं. हो मामा, गेली चीर, झाला जुना, असं म्हणून मोकळं व्हावं. पण मग त्यांनी तो तवा भंगारात घातला असता, आणि ते माझ्याच्याने बघवलं नसतं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "मामा, तवा खणखणीत आहे."

मामांनी तवा माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. "म्हंजी मीच," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला होता. "पावनं, हितं बसा, लसूण सोला," मामा म्हणाले. मी सोलायला बसलो. व्याख्यान झालं, कलेजी पडली, मामांनी मान झुकवली, पण डोळे माझ्याकडे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून कलेजी ऐकली. ओरडली. बडबडली. बोट शिवशिवत होतं, पण मी थांबलो. मग ती खरोखरच कुजबुजली, आणि मी हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. मामांनी उलथणं लावलं. तुकडा नुसता सरकला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त जरा ताठ बसले. मामींना विचारता आलं असतं म्हणा, पण चाळीस वर्षं त्यांना "तुला आवाज कळत न्हाई" म्हणून ऐकवल्यावर मामा आता विचारणार कुठल्या तोंडाने? वर्षभर मी दर रविवारी इतका लसूण सोलला की मामींनी तो तेलात घालून बरण्या भरल्या. एकदा त्या ताट देताना मला म्हणाल्या, "जावईबापू, लसूण सपला तरी तुमी येत जावा." तेव्हा मला कळलं की मामींना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी बदली साताऱ्याला झाली. मी निरोप घ्यायला गेलो. मामांनी पाठीवर दोनदा ठोकलं, पण कान जवळ आणला नाही. 

साताऱ्यातल्या पहिल्याच रविवारी सकाळी मामींच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता, समोर तवा, तव्यामागे मामा. फोन लावून देऊन मामी मागच्या दाराने बाहेर जाताना दिसल्या. "पावनं, सहज केला," मामा ओरडून म्हणाले. "कलेजी टाकतोय, म्हटलं बगा." मी उत्तर दिलं, पण ते त्यांना पोचणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कलेजी पडली. मी फोन कानाला लावला आणि लगेच चूक कळून पुन्हा तोंडासमोर धरला, कारण मामांना माझा कान दिसून काय उपयोग? आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. बायकोने काही न विचारता तो बंद केला आणि पंखाही बंद केला. कलेजी ओरडली, बडबडली. मी श्वास धरून बसलो. मग सव्वाशे किलोमीटरवरून ती कुजबुजली आणि मी हात वर केला.

"सोडली!" मामा आनंदाने ओरडले.

तेव्हापासून दर रविवारी आठ वाजता फोन येतो. आम्ही इथे पोहे खातो आणि मामांची कलेजी सुटते. एवढा वेळ आमच्या घरात कुणी बोलत नाही. ते कशासाठी, हे मामांनी अजून कबूल केलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि हे त्यांना मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नसल्यामुळे तेही राहूनच जातं. सगळं झाल्यावर मामा तवा पुसतात, तेलाचा बोळा फिरवतात, फोनच्या अगदी जवळ धरतात आणि बोटाने एकदा वाजवतात. त्यांना काहीच ऐकू येत नाही, ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तव्याचा आवाज विरेपर्यंत मी थांबतो, आणि मग हात वर करतो.